साडेसातचं कुलूप

"उद्या संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत आम्ही रडलो, भेकलो, तुझ्या पाया पडलो, तरी हे कुलूप उघडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. वचन दे."

आमचे हे मला असं म्हणाले तेव्हा त्यांच्यामागे आणखी तीन माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी होती आणि चौघांच्या हातांत चार फोन होते. आगीचं ते उत्साहाच्या भरात बोलले असणार असं धरून मी वचन दिलं. मग जाता जाता त्यांनी आणखी एक कलम जोडलं. "आणि चुकूनमाकून तुला काही कळलंच, तर कुणापाशी एक अक्षर बोलायचं नाही. तसं तुला त्यातलं काय कळणार म्हणा!"

हे शेवटचं वाक्य मी मनात ठेवलं. राग म्हणून नाही, मी राग धरत नाही. नुसतं ठेवलं.

आता हे फोन कसले आणि कुलूप कसलं, ते सांगते. जगात एक कंपनी आहे, ती फोन विकते. वर्षातून एकदा ती कंपनी फोनसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांना गोळा करते आणि यंदा फोनमध्ये काय काय नवीन येणार ते सांगते. याला डेव्हलपर कॉन्फरन्स म्हणतात. आमचे हे नोंदणी कचेरीत आहेत. जुन्या दस्ताची नक्कल मूळ दस्ताबरोबर ताडून बघायची आणि खाली सही करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. प्रोग्रॅमची एक ओळ त्यांनी आयुष्यात लिहिलेली नाही. पण कॉन्फरन्स जवळ आली की त्यांची भूक जाते. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचीही जाते. पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची भूक जात नाही, पण ते जेवताना बोलत नाहीत. या तिघांत भर म्हणून माझा भाचा. तो आमच्याकडेच राहतो आणि चौघांत प्रोग्रॅम लिहिता येणारा तो एकटाच. त्यामुळे या विषयावर सगळ्यांत कमी तोच बोलतो.

महिनाभर आमच्या दिवाणखान्यात दुसरा विषय नव्हता. कंपनीनं आमंत्रण म्हणून एक चित्र काढलं होतं. त्यात एक निळं वर्तुळ. बस्स. पण या वर्तुळावर चौघांनी जेवढं चिंतन केलं तेवढं मी इतक्या वर्षांत माझ्या पोथीतल्या एकाही ओवीवर केलेलं नाही, हे मला खाली मान घालून कबूल करावं लागेल. दंतवैद्य म्हणायचे, वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, म्हणजे फोन आता पूर्ण होणार. (म्हणजे एवढी वर्षं तो अर्धवट होता, आणि हे अर्धवट फोन रांगा लावून घेतलेले, यावर कुणी बोलत नसे.) ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणायचे, वर्तुळ म्हणजे स्टिअरिंग. आणि हे रोज रात्री भिंग घेऊन वर्तुळाची कड तपासायचे, कारण डावीकडे ती किंचित पुसट होती. "उगाच पुसट करत नाहीत ते लोक," हे म्हणायचे, "त्यांच्याकडे काहीच उगाच नसतं." ही श्रद्धा. माझ्या देवाबद्दल मी इतकं ठामपणे बोलू शकत नाही.

आता मुख्य अडचण अशी की ही कॉन्फरन्स तिकडे दिवसा असते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. मागच्या वर्षी सगळे जागे राहायला बसले. हे पहिल्या दहा मिनिटांत झोपले. ड्रायव्हिंग स्कूलवाले घोरू लागले. दंतवैद्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि सकाळी लिफ्टमध्ये चौथा मजला ते तळमजला एवढ्या प्रवासात सगळं सांगून टाकलं. पंधरा दिवस त्यांच्याशी कुणी बोललं नाही. यांनी तर दुखरी दाढ घेऊन दुसऱ्या दंतवैद्याकडे जायची तयारी केली होती.

म्हणून यंदा ठरलं, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला इमारतीच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून एकदमच पाहायचं. तोवर बातम्या नाहीत, फोन नाही, काही नाही. पूर्ण कोरं राहायचं.

"हे व्रतच झालं, वहिनी," दंतवैद्य म्हणाले. "आणि व्रताची सवय या इमारतीत तुम्हालाच. आमचा आमच्यावर भरवसा नाही. फोन तुमच्याकडे ठेवा, किल्ली तुमच्याकडे ठेवा."

मी म्हटलं, फोन निदान बंद करून द्या. तर चौघं एकदम नाही म्हणाले. यांच्या फोनमध्ये म्हणे सलग चारशे बारा दिवस चालल्याची नोंद आहे आणि फोन बंद केला तर ती साखळी तुटते. "पण फोन कपाटात असला तर तुम्ही चालल्याचं त्याला कळणार कसं?" मी विचारलं. हे माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुला नाही कळायचं."

तेही मी ठेवलं.

हॉलची परवानगी ही वेगळीच कथा. आमच्या सेक्रेटरींकडे हॉलसाठी एक छापील फॉर्म आहे आणि त्यावर तीन चौकोन आहेत. मंगलकार्य, सर्वसाधारण सभा आणि शोकसभा. मंगलकार्याला एक महिना आधी अर्ज लागतो. सर्वसाधारण सभेला दोनतृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात. शोकसभेला काही लागत नाही, कारण ती वेळ कुणी ठरवत नाही.

"कॉन्फरन्स यातल्या कशात बसते?" यांनी विचारलं.

"कुणी वारलंय का?"

"नाही हो."

"मग कठीण आहे," सेक्रेटरी म्हणाले.

शेवटी समोरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मार्ग काढला. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण सल्ले देण्यातून नाहीत. "शोकसभाच लिहा. मयताच्या रकान्यात काहीतरी भरा. रकाना रिकामा नसला की झालं." यांनी भरलं, 'फोनची जुनी आवृत्ती'. वयाच्या रकान्यात 'एक वर्ष'. सेक्रेटरींनी फॉर्म दोनदा वाचला, रकाने मोजले, सगळे भरलेले आहेत म्हणून शिक्का मारला. "मला सगळं कळतंय बरं का," ते म्हणाले. "पण कागद शोकसभेचा आहे, तर नियम शोकसभेचेच लागणार. समोर एक फोटो. टाळ्या नाहीत. आणि शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं. मी स्वतः येऊन बघणार आहे."

आता भाच्याबद्दल, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ताई तिकडे गावी एकटी असते. तिची नजर गेली चार वर्षं उतरत चालली आहे, आणि दोन वर्षांमागे तिनं सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी अशी आठ दिवस घेतली. चक्कर येऊन मोरीत पडली. तेव्हा या मुलानं मनावर घेतलं, की असा प्रोग्रॅम करायचा, की गोळ्यांची पट्टी फोनसमोर धरली की फोन मोठ्यानं वाचून दाखवेल. नाव काय, कधी घ्यायची, तारीख उलटली का. पत्र धरलं तर पत्र वाचेल. दिवसा नोकरी, रात्री हे. दोन वर्षं. "पहिला तुझ्याच फोनमध्ये घालणार, आई, माझ्या हातानं," असं त्यानं तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. ताई दर रविवारी विचारते, "झालं का रे?" हा म्हणतो, "होत आलंय." होत आलंय ते आता सहा महिने होत आलंय, कारण मध्येच यांनी आणि दंतवैद्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं, की ही काही आईच्या फोनपुरती गोष्ट नाही, हे जगभर जाणार, पुढच्या वर्षी कंपनी तुलाच मंचावर बोलावणार. मग त्याला रंग बदलायचे होते. मग आवाज बदलायचा होता. मग वर्तुळ निळं करायचं होतं.

आणि मग नोकरी सोडायची होती.

हॉलमध्ये कॉन्फरन्स बघायचा दिवस नेमका महिन्याचा शेवटचा. त्याच्या ऑफिसचा नियम, की राजीनामा महिनाअखेर संध्याकाळी पाचपर्यंत दिला तर त्या महिन्यात धरतात, आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. मी भीतभीत म्हटलं होतं, "अरे, ती कॉन्फरन्स बघून मग ठरव." तर म्हणाला, "मावशी, बघून द्यायचा तर त्यात विश्वास कुठे राहिला?" हे वाक्य मी ओळखलं. माझ्याच तोंडचं होतं ते.

तर आदल्या रात्री नऊ वाजता चौघांनी फोन माझ्या देवाच्या कोनाड्याखालच्या काचेच्या कपाटात ठेवले. भाच्यानं त्यांच्या शेजारी एक पाकीट ठेवलं. "राजीनामा आहे, मावशी. सही केलीय. रात्रभर देवापाशी राहू दे, सकाळी नेतो." सगळ्यांचे डोळे पाणावले होते. यांनी किल्ली फिरवली, माझ्या हातात दिली, आणि ते वचन घेतलं. 'सकाळी नेतो' आणि 'साडेसातपर्यंत उघडायचं नाही' ही दोन वाक्यं एका मिनिटाच्या अंतरानं बोलली गेली आणि चौघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी कुलूप नीट लागलंय का ते ओढून बघत होते.

मी रोज सकाळी सहाला जपाला बसते. सातपर्यंत मौन असतं. वीस वर्षांत मोडलेलं नाही. त्या दिवशी एकतिसाव्या मण्यावर पहिला फोन टुणकन वाजला. मग दुसरा. मग चारही एकदम किणकिणायला लागले. रात्रभरात तिकडे जे जे सांगून झालं होतं ते सगळं आता बातम्या होऊन माझ्या देवापुढे येत होतं. मी गणती विसरले. परत पहिल्यापासून सुरुवात केली. परत विसरले. तिसऱ्यांदा उठले आणि काचेवर पंचा टाकायला गेले. चूक एवढीच झाली, की पोथी वाचायचा चष्मा डोळ्यांवर राहिला होता. दंतवैद्यांचा फोन उताणा पडलेला. तो उजळला आणि त्यावर ठळक अक्षरांत ओळ आली:

'आता फोनच वाचून दाखवणार गोळ्यांच्या पट्ट्या, पत्रं, बिलं. सर्वांना मोफत.'

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पंचा माझ्या हातातच राहिला.

मला त्यातलं काय कळणार, असं हे म्हणाले होते. मला सगळं कळलं. दोन वर्षं जागून या मुलानं जे केलं, ते कंपनीनं एका ओळीत फुकट वाटून टाकलं होतं. आणि हे या क्षणी जगात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या इमारतीत मात्र ते फक्त मला ठाऊक होतं, मी मौनात होते, आणि मौन सुटल्यावरही साडेसातपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही असं वचन देऊन बसले होते.

सात वाजता मौन सुटलं. माझ्याशी बोलायला घरात कुणी उठलंच नव्हतं. सगळ्यांचे गजर फोनमध्ये.

नऊला भाचा अंथरुणातून ओरडतच उठला आणि शर्टाची बटणं लावत जिना उतरून पळाला. पाकिटाची त्याला आठवण झाली नाही. मीही केली नाही. हे त्याच्या मागोमाग कचेरीत गेले आणि अकरा वाजता परत आले, कारण कचेरीतली हजेरी आता फोनवर लागते आणि फोन नसलेला माणूस कचेरीच्या दृष्टीनं आलेला नसतो.

"मी साहेबांसमोर उभा होतो!" हे सांगत होते. "साहेब म्हणाले, तुम्ही दिसताय, पण लागत नाही आहात."

आणि मग घुटमळत, "जरा दोन मिनिटं उघडतेस का?"

"वचन दिलंय," मी म्हटलं.

"मीच घेतलंय ना? मीच सोडतो."

"चौघांनी घेतलंय. चौघं मिळून या."

हे चौघांना गोळा करायला निघाले आणि दारातच थांबले. बाकी तिघांना बोलवायचं कसं? फोन करून.

दुपारी दंतवैद्य आले. कुठल्या पेशंटला किती वाजता बोलावलंय ते फोनमध्ये, त्यामुळे सगळेच पेशंट एकदम येऊन बसले होते. आणि एकाच्या दाढेचा फोटो फोनमध्ये. "वहिनी, नेमकी कुठली काढायची ते बघायचंय हो."

"त्यालाच विचारा ना."

"विचारलं. तो म्हणतो, तुमच्याकडे एवढा वेळ बसून आता सगळ्याच दुखतायत."

मग ड्रायव्हिंग स्कूलवाले आले. त्यांच्या गाडीचं दार फोननंच उघडतं. शिकाऊ बाई आत अडकल्यात म्हणाले. मी हादरले. उठलेच किल्ली घ्यायला. मग विचारलं, "आत कशा गेल्या?" ते जरा वेळानं म्हणाले, "तशा आत नाहीत. बाहेर आहेत." मी परत बसले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही फार कडक आहात, वहिनी. चेहऱ्यावरून वाटत नाही."

समोरच्या मुख्याध्यापिकाबाई दार उघडं ठेवून हे सगळं बघत होत्या. "उघडून टाक गं," त्या म्हणाल्या. "सांग, पडून काच फुटली. एवढ्या-तेवढ्यानं देव रागावत नाही. मी इतकी वर्षं शाळा चालवली, मला विचार."

तीन वाजता भाचा आला. घामानं भिजलेला.

"मावशी, पाकीट! मी पाकीट विसरलो. दे पटकन, पाचच्या आत पोचायचंय."

"ते आत आहे."

"माहितेय. किल्ली दे."

मी त्याच्याकडे पाहिलं. याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. "साडेसातला उघडायचं ठरलंय," मी म्हणाले.

त्याला आधी हसूच आलं. मग ते गेलं. "मावशी, ते काकांचं चाललंय. हा माझा राजीनामा आहे."

"सगळ्यांदेखत शब्द दिलाय मी."

"अगं, पण शब्द कशाबद्दल? फोनबद्दल! पाकीट मी आपला देवापाशी ठेवलं, तुझ्या देवापाशी, आशीर्वाद म्हणून. आणि तू..." त्यानं हात झटकला. "दुसरा लिहितो मी." मजकूर फोनमध्ये होता. "हातानं लिहितो." कागद घेऊन बसला. वर 'महोदय' लिहिलं आणि पेन धरून थांबला. दहा वर्षांत त्यानं सहीखेरीज हातानं काही लिहिलं नसावं. तरी दीड पान लिहिलं. मग त्याला आठवलं, की कागद नुसता देऊन चालत नाही. आधी ऑफिसच्या साइटवर नोंद करावी लागते, आणि नोंदीला ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो फोनवर.

कपाटात टुणकन वाजलं. दोघांनीही तिकडे पाहिलं. तो ओटीपी नव्हता, पण त्या क्षणी दोघांनाही तोच वाटला.

"तू माझ्या आयुष्याला कुलूप लावून बसलीयस," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. आमच्या घरात कुणी आवाज चढवत नाही, म्हणून जास्त लागतं.

आणि मी माळ हातात घेऊन बसून राहिले, तोंड मिटून, व्रतस्थ. इमारतीतल्या सगळ्यांना वाटलं, बाई म्हणजे वचनाची पक्की. मला काय वाटत होतं ते इथे लिहिते, कारण लिहिल्याशिवाय सुटका नाही. ती ओळ मी वाचली नसती, तर मी कुलूप उघडलं असतं का? उघडलं असतं. यांना सांगितलं असतं, पोरगं रडकुंडीला आलं होतं, दिलं. वचन मी पाळत नव्हते, वचनाच्या मागे लपून बसले होते. वीस वर्षं मौन पाळून मी एवढंच शिकले होते, की गप्प बसून माणूस किती काय काय करू शकतो.

पाच वाजले. घड्याळ भिंतीवरचं होतं, म्हणून कळले. भाचा गॅलरीत पाठ करून उभा होता.

साडेसातला मी कपाट उघडलं. चौघांनी आपापले फोन उचलले, पण कुणी पडद्याकडे बघितलं नाही. उलटे धरून, तान्ह्या बाळासारखे छातीशी घेऊन खाली नेले. पाकीट भाच्यानं खिशात घातलं. माझ्याकडे न बघता.

हॉल भरला होता. फळ्यावर सेक्रेटरींनी नोटीसच तशी लावली होती, 'शोकसभा, वेळ साडेसात', आणि वयाच्या रकान्यातलं 'एक वर्ष' तेवढं ठळक अक्षरांत, बाकी तपशील बारीक. त्यामुळे बायका पदर सावरून, पुरुष हात पुढे बांधून बसले होते. समोर खुर्चीवर फोटो हवा म्हणून निळ्या वर्तुळाचं चित्र फ्रेम करून ठेवलं होतं. दोन म्हाताऱ्या त्याला नमस्कार करून मागे जाऊन बसल्या.

पडद्यावर एकेक माणूस येई. प्रत्येकाचे बूट पांढरेशुभ्र आणि प्रत्येक जण म्हणे, आज तुमच्यासमोर उभं राहताना मला अतिशय आनंद होतोय. मी मोजलं, माझ्या हातात माळ होतीच. पाऊण तासात एकेचाळीस वेळा. बॅटरीच्या चित्राचे कोपरे गोल झाले तेव्हा यांनी टाळी वाजवली. सेक्रेटरींनी डोळे मोठे केले. घड्याळाला नवीन जांभळा पट्टा आला तेव्हा दंतवैद्यांनी रुमाल काढला. वर्तुळाचा अर्थ शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

आणि मग एक बाई आली. तिनं गोळ्यांची पट्टी फोनसमोर धरली. फोन बोलला. एवढंच. पुढच्या माणसाचे बूट आलेसुद्धा. अकरा मण्यांएवढाही वेळ गेला नसेल.

यांनी सवयीनं टाळीला हात उचलले होते. ते तसेच राहिले, एकमेकांपासून वीतभर लांब. मग ते हळूच मांडीवर ठेवले. दंतवैद्य चित्राकडे बघायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलवाले उगाच खोकले. महिनाभर जे तिघं त्या मुलाला मंचावर चढवत होते, त्यांतला एकही त्याच्याकडे वळून बघायला तयार नव्हता.

पडदा विझला. सेक्रेटरी उठले. "नियमाप्रमाणे दोन मिनिटं."

सगळा हॉल उभा राहिला. एवढ्या माणसांत कुणाला ठाऊक नव्हतं आपण कशासाठी उभे आहोत, पण माना खाली होत्या आणि पंख्याचा आवाज येत होता. आणि मला वाटलं, फॉर्म बरोबरच भरला होता. वयात तेवढी एका वर्षाची चूक.

भाचा माझ्या शेजारी उभा होता. दोन मिनिटं संपायच्या आत तो हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं."

मी खोटं बोलत नाही. "हो."

"कधीपासून?"

"सकाळी सहा-दहापासून."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता. आवाज न करता, मान खाली घालूनच, आणि मधूनच डोळे पुसत होता, त्यामुळे नक्की काय ते मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या म्हातारीनं वळून त्याच्या हातावर हात ठेवला. "सोस रे बाबा," ती म्हणाली. "एक वर्षाचं म्हणजे फारच लहान."

वर आल्यावर कुणाला जेवण गेलं नाही. हे भिंगानं फोनमध्ये काहीतरी वाचत बसले होते. त्यांना तेवढंच येतं, नक्कल मुळाशी ताडून बघणं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. ते नवीन वाचणं फक्त यंदाच्या फोनवर चालणार. जुन्यावर नाही." मग चाचरत, "म्हणजे मी आपलं... दस्तात असतं तसं सांगतोय."

भाच्यानं वर पाहिलं. "आईचा फोन सहा वर्षांचा आहे," तो म्हणाला. आणि उठून आपल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी जपाला बसले. कपाट रिकामं होतं, काचेवर चार फोनांचे चौकोन उमटलेले. मण्यांत मन लागत नव्हतं.

खोलीचं दार उघडलं. पाठीवर पिशवी, हातात बूट. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मला मौन होतं आणि त्याला ते ठाऊक होतं.

"रंग बिंग राहिलेत सगळे," तो म्हणाला. "आवाजही जुनाच आहे, थोडा चिरका. पण वाचतो नीट. सात-वीसची गाडी आहे."

मी मान हलवली.

"आईला कळवू नकोस, मी येतोय म्हणून."

मी पुन्हा मान हलवली. आणखी एक वचन. त्यानं खिशातून ते पाकीट काढलं, आता रिकामं, चपटं, आणि कोनाड्याच्या कडेला ठेवलं. पाकिटाच्या पाठच्या बाजूला वाकड्यातिकड्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, 'महोदय, घरगुती कामासाठी आज एक दिवसाची रजा मिळावी.'

"हे काकांना दे, जाता जाता ऑफिसात टाकतील. हातानंच लिहिलंय, ओटीपी नको."

मग बूट हातातच धरून तो दारापर्यंत गेला, बाहेर जाऊन पायरीवर बसून ते घातले, आणि मला आवाज होऊ नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरून ओढून घेतलं.